बसण्णांचा नकार

जपानी शिकायला मी गेले ती केवळ दुपार रिकामी होती म्हणून. यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. बी.कॉम. झालं होतं, स्थळं बघणं चालू होतं, आणि आलेल्या मंडळींना पोह्यांच्या बशा देऊन झाल्या की उरलेल्या आठवड्यात काय करायचं हा प्रश्नच असायचा. धारवाडच्या एका वाचनालयात फळ्यावर पोस्टकार्ड टाचलेलं दिसलं. कानडी, मराठी आणि इंग्रजीत एकच मजकूर होता: जपानी शिकवली जाईल, फी नाही, दांड्या मारणाऱ्यांनी येऊ नये. खाली धारवाडच्याच केलगेरीचा पत्ता. मी अप्पांना, म्हणजे वडिलांना, विचारलं. शिकवणारी बाई मराठी आहे ना, वयस्कर आहे ना, घरात कोणी तरुण मुलगा नाही ना, एवढं त्यांनी विचारून घेतलं. उत्तरं समाधानकारक निघाली. पोरगी भरतकामाच्या क्लासला जाते तसंच हे, असं त्यांनी आईला समजावलं. लग्नाच्या बाजारात भरतकामापुढे जपानीला काय भाव आहे हे कोणालाच माहीत नसल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

आमचं हार्डवेअरचं दुकान हुबळीत, दुर्गदबैल बाजारातल्या एका बोळाच्या तोंडाशी होतं आणि घर त्याच्या वरच. पणजोबा मिरजेकडून आले ते इथेच राहिले. सकाळ उजाडायची ती हातगाडीवरून पाइप उतरवल्याच्या खणखणाटाने, आणि तो थांबला की तराजूच्या पारड्यात खिळे ओतल्याचा आवाज. त्याच वेळी आई स्वयंपाकघरात ज्वारीच्या भाकरी थापत असायची. खालचा खणखणाट आणि वरची थापटी यांच्यामध्ये मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे आजही फार शांत घरात मला झोप येत नाही. भाकरीबरोबर शेंगांची चटणी आणि घट्ट दही. संध्याकाळी कोपऱ्यावरची मिरची भजी यायची, ती कागदातच संपायची, ताटापर्यंत कधी पोचली नाहीत.

अप्पांच्या दुकानात 'नाही' म्हणायची पद्धत नव्हती. गिऱ्हाइकाने चार इंची पितळी बिजागरी मागितली आणि ती नसली, तर अप्पा म्हणायचे, "बसा की. येतंय." मग ते माझ्या मोठ्या भावाकडे, अण्णाकडे, नुसतं बघायचे आणि अण्णा मागच्या दाराने शेजारच्या दुकानातून बिजागरी आणायचा. तिथेही नसली तर "उद्या येतोय माल." एक वकील तर एका जर्मन नळाच्या वायसरसाठी दर महिन्याला येत, अप्पा दर महिन्याला "येतंय" म्हणत, दोघं चहा पीत आणि वकीलसाहेब समाधानाने परत जात. ते वायसर जन्मात येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यातही सकाळची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री व्हायच्या आधी, नकार तोंडातून काढणं म्हणजे अवलक्षणच. लहानपणी एकदा मी गल्ल्याशेजारी बसले असताना पहिल्याच गिऱ्हाइकाला "ते नाही आमच्याकडं" असं खरं ते सांगून टाकलं होतं. अप्पा रागावले नाहीत, पण त्यांनी दुकानासमोर पाणी शिंपडलं, पुन्हा उदबत्ती लावली आणि दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. घरातही तेच. तांदळाचा डबा रिकामा झाला तर आई "तांदूळ वाढले" म्हणायची, दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. आमच्या घरात काहीच कधी संपलं नाही, सगळं वाढतच गेलं.

अशा घरातून निघून, बसने धारवाड आणि पुढे पायी, मी जपानी शिकवणाऱ्या पद्माअक्कांच्या ओसरीवर जाऊन बसत असे. पद्माअक्का साठीच्या होत्या. नवरा शेतीचा शास्त्रज्ञ, त्याच्याबरोबर नऊ वर्षं त्या जपानात राहिल्या होत्या, तो गेल्यावर केलगेरीच्या घरी परत आल्या. उंच, हाडकुळ्या, नऊवारी नाही आणि पाचवारीही धड नाही अशी स्वतःची एक पद्धत काढून नेसलेली साडी, आणि बोलण्यात खवचटपणा. आम्ही पाच जण होतो, महिन्याभरात तीन उरलो. आम्ही आल्या आल्या अक्का गिरमिट करायच्या. चुरमुऱ्यात कांदा-टोमॅटोचा चिंचगुळाचा मसाला कालवून वर शेव आणि फुटाण्याचं पीठ. ते खाईपर्यंत फक्त जपानीत बोलायचं. त्यामुळे मला जपानीतले पहिले शब्द आले ते तिखट, आणखी आणि पुरे.

पहिल्या वर्षाच्या अखेरीला त्यांनी 'येणं' आणि 'न येणं' शिकवायला घेतलं. अमुक करता येतं याला जपानीत देकिमास, येत नाही याला देकिमासेन. अक्कांचं म्हणणं होतं की यासाठी मराठी माणसाला जपानात जायची गरजच नाही, सगळा ऐवज घरातच आहे. आपण म्हणतो मला पोहता येतं, म्हणजे मी शिकलेय. आपण म्हणतो मला चालवत नाही, म्हणजे पाय आहेत, चालण्याची विद्याही आहे, पण आत्ता शक्ती नाही. 'चालणे'चं 'चालवणे' होतं तसंच तिकडे 'अरुकु'चं 'अरुकेरु' होतं, क्रियापदाच्या पोटातच शक्य-अशक्य बसवलेलं. मग त्या ओसरीवरून केलगेरीच्या तळ्याकडे बोट दाखवायच्या. तळं दिसतं यात आपलं कर्तृत्व काहीच नाही, ते आहे म्हणून दिसतं, त्याला वेगळं क्रियापद. झाडीमुळे पलीकडचा काठ बघता येत नाही, ते वेगळं. पाऊस येईलही, कुणी सांगावं, हे आणखी वेगळं. मला हे ऐकताना अंगावर रोमांच यायचे. इतकी वर्षं जे बोलत होते त्याच्या आत एवढ्या खोल्या आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आजही विद्यार्थी विचारतात की मॅडम, सगळ्यात कठीण काय, ती चित्रलिपी का? मी हो म्हणते. खरं उत्तर सांगायला तास पुरणार नाही.

अक्कांचा नियम असा की रोज प्रत्येकाने स्वतःबद्दल एक देकिमास आणि एक देकिमासेन सांगायचं. देकिमास मी भराभर सांगायची: भाकरी करता येते, सायकल येते, कानडी येतं. देकिमासेनची पाळी आली की मला उडता येत नाही, मला समुद्र पिता येत नाही. आठ दिवस अक्कांनी ऐकून घेतलं. नवव्या दिवशी म्हणाल्या, "उडता कुणालाच येत नाही गं. तुला काय येत नाही ते सांग की." मला एकही सुचलं नाही. मी तशी फार गुणी होते असं नव्हे, पण स्वतःच्या तोंडाने 'मला येत नाही' म्हणायची सवयच नव्हती. अक्कांनी पुढच्याला विचारलं.

दुसऱ्या वर्षी केव्हातरी पाटीलसाहेब अक्कांकडे आले. ते अक्कांच्या शेजारचे, धारवाडजवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची एक छोटी शेड होती. चार लेथ, म्हणजे लोखंड कातायची यंत्रं, आणि अकरा माणसं. जुनं मोठं गिऱ्हाईक सुटलं होतं आणि निम्मी शेड बसून होती. जपानातल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीला आपल्याकडे एक सुटा भाग करून घ्यायचा होता, तिथला माणूस बघायला येणार होता. त्याला इंग्रजी यथातथा. अक्कांनी दुभाषी म्हणून यावं अशी पाटीलसाहेबांची इच्छा होती. हे काम मिळालं तर शेड चालेल, नाही तर दिवाळीनंतर मला माणसं कमी करावी लागतील, हे त्यांनी चहा पितानाच स्पष्ट सांगितलं. अक्का म्हणाल्या, मला आता शेडच्या पायऱ्या चढवत नाहीत, हिला न्या. मी तोंडातलं गिरमिट कसंबसं गिळलं. अप्पांनी परवानगी दिली, कारण मधल्या वर्षात तीन स्थळांनी काहीच कळवलं नव्हतं आणि आईला वाटलं, पोरगी घराबाहेर पडेल तर बरं.

शेडचे मुख्य मिस्त्री बसण्णा. पन्नाशी उलटलेले, जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, आणि हात असे की लोखंडाचा तुकडा नुसता चोळून तो किती जाड ते सांगायचे आणि मग मायक्रोमीटर लावून बघायचे, ते मायक्रोमीटर बरोबर आहे का हे तपासायला. बोलायचे फक्त कानडी, तेही मोजून. मला पहिल्याच दिवशी त्यांनी तंगी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणून हाक मारली आणि बसायला स्वतःचं स्टूल दिलं.

जपानी पाहुणे ओकादा-सान सकाळी नऊच्या ठोक्याला आले. लेथची नुकतीच पूजा झाली होती, जास्वंदीची फुलं होती, फोडलेल्या नारळाचं पाणी अजून जमिनीवर ओलं होतं. नमस्कार-चमत्कार झाले, पेढे झाले. मग ओकादा-साननी एक ड्रॉइंग पसरलं. पंपाच्या आतला बोटाएवढा शाफ्ट, आणि त्याच्या जाडीचं लिमिट, म्हणजे चालेल एवढा फरक, इतकं बारीक की ते कागदावरचे आकडे वाचूनच मला घाम आला. त्यांनी विचारलं, नमुन्याला वीस तुकडे या लिमिटमध्ये तुम्हाला करता येतील का? मी कानडीत विचारलं. बसण्णांनी ड्रॉइंग हातात घेतलं, लेथकडे बघितलं, पुन्हा ड्रॉइंग बघितलं. म्हणाले, पाच-सात बसतील, पण वीसच्या वीस एका मापात, या म्हाताऱ्या लेथवर, "आगंगिल्ल." होणार नाही.

ओकादा-सान माझ्याकडे बघत होते. देकिमासेन हा शब्द मला चांगला येत होता. पण सकाळची वेळ, फुलं, ओला नारळ, दिवसाचा पहिला प्रश्न, आणि समुद्र ओलांडून दारात आलेलं गिऱ्हाईक. माझ्या तोंडातून अप्पाच बोलले म्हणा ना. मी म्हटलं, "देकिमास. थोडा वेळ लागेल." आवाजही मऊ, हसराच लागला. ओकादा-सान आनंदले, वहीत शाईच्या पेनने काहीतरी लिहिलं आणि बसण्णांपुढे कमरेत वाकले. बसण्णांनी गडबडून हात जोडले. पाहुणे गेल्यावर ते पाटीलसाहेबांना म्हणाले की माणूस मोठा आहे, तोंडावर नाही म्हटलं तरी वाकून नमस्कार करतो. पाटीलसाहेब म्हणाले, खरं सांगितलंत ते बरं केलंत, दुसरं एखादं सोपं काम देईल. मी तिथेच उभी होते. त्या वेळी बोलले असते तर हे प्रकरण लिहायचं कारणच उरलं नसतं. मी पेढ्याचं खोकं आवरून ठेवलं आणि बस धरली.

तीन दिवसांनी पाटीलसाहेबांचा निरोप आला, फॅक्स आलाय, जपानीत आहे, वाचून दाखव. शेडच्या मधोमध, सगळे हातचं काम टाकून गोळा झालेले, आणि माझ्या हातात तो गुळगुळीत कागद. ओकादा-साननी लिहिलं होतं की आपण करता येईल असा भरवसा दिलात याबद्दल मी आभारी आहे, मुख्य कचेरीला तसं कळवलं आहे, पुण्याहून परत येताना पुढच्या गुरुवारी वीस नमुने बघायला येतो. माझ्याखेरीज तिथे कोणालाही त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मी काहीही वाचू शकले असते. एवढं मात्र माझ्याच्याने झालं नाही. मी जसंच्या तसं कानडीत वाचलं आणि मान खाली घातली.

पाटीलसाहेबांनी बसण्णांना विचारलं, तुम्ही तर नाही म्हणाला होतात ना? बसण्णांनी चष्मा काढला, कॉटन वेस्टच्या बोळ्याने पुसला आणि मग माझ्याकडे वळून कानडीत म्हणाले, "माझ्या तोंडातला शब्द काढून तू तुझा ठेवलास, तंगी. तीस वर्षं मी होतंय म्हटलं ते झालंय. आज पहिल्यांदा माझं नाव खोटं पडलं." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला रडू फुटलं. मी सगळं सांगितलं, दुकान, भवानी, सगळं, आणि सांगताना ते माझं मलाच किती पोरकट वाटलं. पाटीलसाहेब भले माणूस, ते म्हणाले, झालं ते झालं, फॅक्स करून 'नाही' कळवण्यापेक्षा आधी करून तर बघू, साधलं तर कुणाला काही सांगायलाच नको. ते ऐकून मला जो दिलासा मिळाला त्याची मला अजून लाज वाटते.

तेव्हापासून मी रोज सकाळी सातच्या बसने बेलूरला जाऊ लागले. बसण्णांचे हात तेलकट, म्हणून प्रत्येक तुकड्याचं माप वहीत लिहायचं काम मी मागून घेतलं. माप, शेजारी वेळ, शेजारी बसला की फेकला. बसण्णा माझ्याशी मापाखेरीज बोलत नव्हते. जेवताना सगळे गोल बसत, येण्णेगाई, म्हणजे तेलात घोळलेली भरली वांगी, डब्याडब्यांतून फिरायची, माझ्यापुढेही यायची, पण स्टूल आता कोणी देत नव्हतं. बुधवार दुपारपर्यंत चाळीसएक तुकडे झाले आणि लिमिटमध्ये बसले सात. पाटीलसाहेबांनी ते सात पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात कापूस घालून ठेवले. मला म्हणाले, उद्या हे दाखवू, बाकीचे तयार होतायत म्हणून सांग, तोवर काहीतरी मार्ग निघेल. दिवाळीवर त्यांची नजर होती, आणि त्या अकरा माणसांवरही. मी होय की म्हटलं.

परतीच्या वाटेवर केलगेरीला उतरले. पद्माअक्कांनी सगळं ऐकून घेतलं, मला वाटलं होतं त्या व्याकरण काढतील, पण त्या चिडल्या होत्या. "तो विचारतोय ना, म्हणजे त्याला नकार मिळायचा हक्क आहे. तुझ्या होकारावर तो तिकडं जाऊन चार जणांना शब्द देऊन बसणार. त्यांचं काय करतीस?" मग चूल पेटवून चहा ठेवला आणि चहा उकळेपर्यंत मला तेच वाक्य म्हणायला लावलं. देकिमासेन. पुन्हा. देकिमासेन. आवाज बारीक करून नको, हसून नको. घरी आल्यावर अप्पांनाही सांगितलं. ते दुकानात खिळ्यांच्या पेट्या रचत होते. मला वाटलं होतं म्हणतील, येतंय म्हणायचं की, त्यात काय. त्यांनी रचणं थांबवलं. "आपल्याकडं विचारणारा समोरच्या बोळात राहतोय," ते म्हणाले. "येतंय म्हटलं की काय ते त्याला कळतंय. न कळलं तर उद्या येऊन भांडतोय. हा बिचारा कुठं येणार भांडायला?" आणि पुन्हा पेट्या रचू लागले. माझ्या वडिलांनी व्यापाराबद्दल मला सांगितलेलं एवढंच, पण ते माझ्या डिग्रीपेक्षा जास्त कामाला आलं.

गुरुवारी ओकादा-सान आले. पाटीलसाहेबांनी खोकं उघडलं. ओकादा-साननी सातही तुकडे एकेक करून मापले, मान डोलावली आणि उरलेले कुठे आहेत असं विचारलं. पाटीलसाहेब माझ्याकडे बघत होते. बसण्णा बघत नव्हते, ते लेथवरचा धूळकचरा ब्रशने झाडत होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "ओकादा-सान, वीस होत नाहीत. देकिमासेन. बसण्णांनी पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. चूक त्यांची नाही, माझी आहे." मग तेच सगळं, तितकंच, कानडीत पाटीलसाहेबांना सांगितलं. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

ओकादा-साननी वही काढली, तीच पहिल्या दिवशीची, मागचं पान उलटलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. मला वाटलं, संपलं. त्यांनी विचारलं, "पण हे सात झाले. ते कसे झाले, त्यांना विचारा." मी विचारलं. बसण्णांनी पहिल्यांदा वर बघितलं. म्हणाले, सकाळी होतंय. छपराचा पत्रा तापायच्या आत, साडेनऊ-दहापर्यंत, लेथ गार असतोय, तेव्हा तो हातात राहतोय. नंतर लोखंड फुगतं आणि हातातनं सुटतोय. मी ते शब्दाला शब्द सांगितलं, आणि मग आठवण होऊन माझी वही पुढे केली. वेळ मी का लिहीत होते मलाच माहीत नव्हतं. सातपैकी सहा तुकडे दहाच्या आतले होते. सकाळी आधी दुसरं चालू काम उरकलं जाई, त्यामुळे फेकलेले जवळजवळ सगळे दहानंतरचे होते. ओकादा-सान त्या पानावर इतके वाकले की त्यांचं नाक कागदाला लागेल असं वाटलं. त्यांनी विचारलं की मग रोज इतकं सकाळी, इतकंच, असं करता येईल का, आणि किती. बसण्णांनी लेथवर हात ठेवला. रोज चार, म्हणाले. पाच म्हटलं तर आगंगिल्ल. मी सांगितलं: रोज चार करता येतील. पाच करता येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर ओकादा-सान सकाळी सातपासूनच येऊन उभे होते, डोक्याला मफलर गुंडाळून, कारण हवेत गारठा होता. बसण्णांनी चार तुकडे काढले, चारही बसले. पाचवा त्यांनी घेतलाच नाही, यंत्र थांबवून हात पुसले. काम मिळालं, मोठं नव्हे, सकाळपुरतं. पुढे पाटीलसाहेबांनी छपराखाली गवताचं आच्छादन घातलं आणि सकाळ अकरापर्यंत लांबवली. त्या कामाच्या नावावर दुसरी बारीक कामंही आली आणि दिवाळीनंतर अकराच्या अकरा माणसं शेडमध्ये होती. मला वाटलं होतं माझी जागा मात्र गेली. पाटीलसाहेबांनी त्याबद्दल बसण्णांना विचारलं, आणि बसण्णा म्हणाले म्हणे, राहू दे, पण मी तिची झडती घेणार.

झडती म्हणजे काय ते मला पुढच्या भेटीला कळलं. ओकादा-सान दर दोन-तीन महिन्यांनी येत. ते विचारत, मी कानडीत सांगे, बसण्णा उत्तर देत, मी जपानीत सांगे, आणि ओकादा-साननी तोंड उघडायच्या आत बसण्णा बोट वर करून मला विचारत, "एन हेळिदि?" काय सांगितलंस? मग जे जपानीत बोलले ते मला पुन्हा कानडीत म्हणून दाखवावं लागे, त्यांच्या मूळ शब्दांशी ते ताडून बघत, आणि मगच बोट खाली येई. होकार असो, नकार असो, चहात साखर किती हे असो. ओकादा-सानना वाटायचं ही इकडची रीतच आहे, ते शांतपणे थांबत. माझा चेहरा प्रत्येक वेळी तापायचा. रागही यायचा, खोटं कशाला बोलू. पण हळूहळू असं झालं की बसण्णा बोलत असतानाच मी त्यांचा शब्द तळहातावर ठेवावा तसा नुसता धरून ठेवायला शिकले, त्यात माझं काही न मिसळता. पुढे तीस वर्षं मी या कामावर पोट भरलं, मोठमोठ्या टेबलांशी बसले, पण माझी शिकवणी झाली ती त्या बोटाखाली.

जवळजवळ दीड वर्ष असं चाललं. मग एके दिवशी ओकादा-सान नवं ड्रॉइंग घेऊन आले, पहिल्याहून मोठा शाफ्ट, मोठं काम, आणि त्यांनी विचारलं की हे इथे करता येईल का. बसण्णांनी ड्रॉइंग वाचलं, चष्मा वर सरकवला आणि नाही म्हणाले. मी ओकादा-सानकडे वळले आणि म्हटलं, देकिमासेन. म्हणून झाल्यावर सवयीने बसण्णांच्या बोटाची वाट बघत थांबले. ओकादा-सानही थांबले होते. बसण्णांचं बोट वर आलं नाही. त्यांनी ड्रॉइंगची घडी घातली, पायाने स्वतःचं स्टूल माझ्याकडे ढकललं आणि लेथ सुरू करायला गेले.